आपण मानत नाही

बस सिग्नलला थांबली नसती तर तिला ते दिसलंही नसतं. एरवी ती बसमध्ये उजव्या बाजूला बसायची, ऊन तोंडावर येऊ नये म्हणून. त्या दिवशी उजवीकडे जागाच नव्हती, म्हणून डावीकडे बसली. मांडीवर प्रशिक्षणार्थींच्या पाठांच्या फायली होत्या, त्या उघडायचा कंटाळा आला होता, आणि ती नुसती बाहेर बघत होती. डावीकडे एक लहानसं उद्यान होतं. लोखंडी कुंपण, कुंपणाच्या कडेने बाकं, आणि त्यातल्या एका बाकावर तिचा नवरा बसलेला. आधी तिला गंमतच वाटली. घरातलं माणूस असं ध्यानीमनी नसताना रस्त्यावर दिसलं की क्षणभर परकं वाटतं, आपण त्याला पहिल्यांदाच बघतोय असं होतं. त्याचा राखाडी स्वेटर, एका बाजूला झुकलेला खांदा, नोकरीभर आरेखनाच्या फळ्यावर वाकून वाकून आलेला पाठीचा बाक. तो इतका म्हातारा झालाय हे तिला घरात कधी दिसलं नव्हतं. ती काचेवर टकटक करणार होती. तेवढ्यात तिला त्याचे ओठ दिसले. ते हलत होते. डोळे मिटलेले, तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवलेले, आणि ओठ सावकाश हलताहेत. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मग सिग्नल सुटला, बस हलली, आणि तो मागे मागे जात एका झाडाआड गेला.

पहिला विचार तिच्या मनात आला तो डोक्याचा. या वयात अशीच सुरुवात होते, हे तिने ऐकलं होतं. माणूस आपल्याशीच बोलायला लागतं, मग किल्ली कुठे ठेवली ते विसरतं, मग घर विसरतं. फायलींच्या कडा घट्ट धरून ती मनातल्या मनात त्याचे मागचे काही महिने तपासू लागली. काही विसरलाय? कुठे चुकलाय? नाही. उलट, ती विसरते ते तोच आठवणीने करतो. दुसरा विचार पुढच्या थांब्यापाशी आला, आणि तो जास्त वाईट होता. आपल्याशी पुटपुटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक त्रास असतो, आठ्या असतात, ते माणूस कुणाशी तरी भांडत असतं. त्याच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. आपलं कोणीतरी ऐकून घेतंय अशा माणसाचा तो चेहरा होता. तो चेहरा तिने आयुष्यात आणखी एकाच माणसाचा पाहिला होता, आणि ते होते तिचे वडील.

वडील टपाल कचेरीत होते. कामावर जायच्या आधी, घर जागं व्हायच्या आत, ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि डोळे मिटायचे. लहान असताना ती अंथरुणातून उठून उंबरठ्यावर येऊन बसे आणि त्यांच्याकडे बघत राही. त्या वेळी वडील कुणाचेच नसत, आणि तरी घरात इतकं सुरक्षित तिला दुसऱ्या कुठल्याच वेळी वाटत नसे. मग ती मोठी झाली, वाचायला लागली, तिला वाद घालता यायला लागला. सोळाव्या वर्षी तिने विचारलं, "पण तुमचं ऐकतं कोण?" वडील म्हणाले, "मला बाळ, तुझ्यासारखं बोलता येत नाही." ती जिंकली. नंतरही जिंकतच राहिली. जेवताना, जिन्यात, पाहुण्यांसमोर. पुढे पुढे वडील खिडकीपाशी बसायच्या आधी दार लावून घ्यायला लागले, आणि त्या लावलेल्या दाराकडे बघून तिला तेव्हा, खरं सांगायचं तर, अभिमानच वाटला होता.

आणि मग हा भेटला. अभ्यासमंडळात ती बोलायला उभी राहायची तेव्हा हा मागच्या रांगेत बसलेला असायचा. पाणीपुरवठा खात्यात आरेखक होता, जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. प्रश्न विचारायचा नाही, टिपणं घ्यायचा नाही. एके दिवशी बाहेर पडताना तिच्याबरोबर चालू लागला आणि म्हणाला, "तुम्ही बोलता ते ऐकत राहावंसं वाटतं." त्या वाक्यावर तिने पुढचा सगळा संसार उभा केला. नोंदणी कचेरीत जाऊन सह्या केल्या, दोन खोल्या भाड्याने घेतल्या, भिंती स्वतः रंगवल्या, आणि नवीन कोऱ्या भिंतीकडे बघत ती म्हणाली होती, "आपण असलं काही मानत नाही हे किती बरं आहे, नाही?" 'आपण' हा शब्द तिला तेव्हा फार आवडायचा. बाहेरच्यांना सांगताना 'आम्ही', त्याला सांगताना 'आपण'. आपण मानत नाही. आपल्याला गरज पडत नाही. तो हसायचा आणि तिला 'मास्तर' म्हणायचा. बसमधून उतरून घराकडे चालताना ती आठवू लागली, की त्याने स्वतः कधी 'आपण मानत नाही' म्हटलं होतं का. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, कामावरच्या लोकांना तो काय सांगायचा? 'तिला नाही आवडत.' 'तिचा नाही विश्वास.' तो हेच म्हणायचा. तिच्यासमोर म्हणायचा. इतकी वर्षं ते तिच्या कानांवर पडत होतं, आणि कानांनी ते परस्पर 'आपण' करून आत पाठवलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा तो अजून आला नव्हता. आला तो हातात भाजीची पिशवी घेऊन, नेहमीसारखा.

"कुठे गेला होतास?"

"इथंच. पाय मोकळे करायला." त्याने चहाचं पाणी ठेवलं. "खालच्या दुकानदाराने कुत्रा आणलाय, बघितलास? लॅब्राडॉर आहे."

"लॅब्राडॉर नाही तो. लॅब्राडॉरची शेपटी अशी वळलेली नसते."

"असं होय," तो म्हणाला, आणि कप विसळू लागला.

तिने विचारायला हवं होतं. ती काही मनात ठेवणारी बाई नव्हती. पण ती बघत राहिली. तो कप पुसत होता, गॅस बारीक करत होता, आणि तिला वाटत होतं की घरातल्या घरात एक खोली आहे, तिचं दार आपल्याला कधी दिसलंच नाही, आणि हा माणूस रोज तिथे जाऊन येतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका झाडाचा पाठ होता. शिक्षक होऊ घातलेल्यांना शिकवणं हा तिचा व्यवसाय, आणि मुलांच्या मनातल्या चुकीच्या समजुती हा तिचा विषय. आयुष्य तिने त्यात घातलं होतं. दरवर्षी ती वर्गात लाकडाचा एक ओंडका आणायची, टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "झाड एवढं मोठं झालं. हे लाकूड आलं कुठून?" विज्ञानाची पदवी घेतलेले लोक बेधडक सांगायचे, मातीतून. मग ती सांगायची की मातीतून जवळपास काहीच नाही. बरंचसं हवेतून आलंय, बाकीचं पाण्यातून. सगळे हसायचे. ओंडक्याकडे, मग एकमेकांकडे बघायचे. "आता हसताय," ती म्हणायची, "पण हे तुम्ही सगळे शाळेत शिकलाय. परीक्षेत बरोबर लिहून मार्क मिळवलेत. समजूत पुसली जात नाही. तिच्यावर बरोबर उत्तर ठेवलं जातं, आणि ती खाली जिवंतच असते." त्या दिवशीही ती हे म्हणाली, आणि मागच्या बाकावरच्या एका बाईने हात वर केला. ही आधी बँकेत होती, नोकरी सोडून शिक्षिका व्हायला आली होती.

"मॅडम, मग जे मूल नेहमी बरोबरच उत्तर देतं, त्याच्या मनात काय आहे हे कसं कळणार?"

"बरोबर उत्तर देणारी मुलंच अवघड," ती म्हणाली. "ती आपल्याला खूश करत असतात. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने विचारायचं. आणि उत्तर आलं की लगेच बरोबर, चूक म्हणायचं नाही. थांबायचं."

"पण किती थांबायचं?"

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आजवर. तिने काहीतरी उत्तर दिलं, सगळ्यांनी ते लिहून घेतलं. तास संपल्यावर ती रिकाम्या वर्गात ओंडक्याशेजारी बसून राहिली. माणसाला शिकवता येतं यावर तिचा विश्वास होता. तिच्याकडे विश्वास म्हणावा असा तेवढाच एक होता. माणसासमोर पुरेसा पुरावा ठेवला, पुरेशा चांगल्या तऱ्हेने ठेवला, की ते आतून बदलतं. आणि आता तिला वाटू लागलं, की कदाचित माणूस बदलत नाही, फक्त सभ्य होतं. समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते शिकतं. आपण ज्याला शिकणं म्हणतो त्यातलं किती नुसतं प्रेम असेल, किंवा नुसती भीती?

तिने मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात असते, दुपारी जेवायच्या सुट्टीत तिला बोलता येतं.

"तुला बाबांचं काही वेगळं जाणवतंय का गं?"

"का? काय झालं?"

"बागेत एकटेच बसलेले दिसले. डोळे मिटून. ओठ हलत होते."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "आई, तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अगं, ते कायमच करतात. मी लहान होते तेव्हापासून. एकदा मला ताप होता, तू कुठेतरी शाळा बघायला गेली होतीस, तेव्हा माझ्या उशाशी बसून करत होते. मी विचारलं, कुणाशी बोलताय? तर म्हणाले, आहे एकजण."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"ते म्हणाले, आईला वाईट वाटेल. मला वाटलं, नंतर कधीतरी त्यांनीच सांगितलं असेल."

"आणि तू? तू मानतेस?"

"आई, प्लीज. आता माझी परीक्षा नको."

फोन ठेवल्यावर तिला राग आला, आणि राग आल्याचं तिला बरंच वाटलं, कारण रागात निदान ऊब असते. पण तो फार वेळ टिकेना. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी यायला लागलं. तिला आपलं ऑपरेशन आठवलं. पोटात गाठ निघाली होती, कसली ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. ढकलगाडीवरून आत नेताना वरचे दिवे एकामागून एक सरकत होते, आणि तो बाजूने चालत होता, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत. तेव्हा तिला भीती वाटली होती, पण त्या भीतीत एक ताठा होता. वर कोणी नाही, खाली कोणी नाही, आपण दोघं आहोत आणि आपल्याला हे ठाऊक आहे. हे ठाऊक असताना आपण उभे आहोत. दोन माणसांनी मिळून रिकाम्या आभाळाखाली उभं राहणं हीच तिची संसाराची व्याख्या होती. शुद्धीवर आल्यावर, गाठ साधी निघाल्याचं कळल्यावर, तिने पहिलं वाक्य काय बोलावं? "बघ, कुणाला साकडं घालावं लागलं नाही." आणि तो तिचा हात धरून म्हणाला होता, "हो ना." आता तिला दिसलं की त्या सबंध वेळात त्याला सोबत होती. बाहेरच्या बाकड्यावर, तळवे उताणे ठेवून, तो कुणापाशी तरी बसला होता. त्या रिकाम्या आभाळाखाली दोघं नव्हतेच कधी. ती एकटीच उभी होती, इतकी वर्षं, आणि शेजारी कोणीतरी आहे असं समजून बोलत होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती उद्यानाच्या थांब्यावर उतरली. तो त्याच बाकावर होता. ती जाऊन शेजारी बसली, फायली मधे ठेवल्या, आणि तो डोळे उघडेपर्यंत समोरच्या घसरगुंडीकडे बघत राहिली. घसरगुंडीवर कोणी नव्हतं. शेजारून येणारी ती कुजबुज इतकी खालच्या आवाजात होती की तिला वाटलं, आपण श्वासच ऐकतोय. मग कुजबुज थांबली.

"अरे," तो म्हणाला. "लवकर सुटलीस?"

"झालं तुझं?"

त्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं, आणि ते उलटे केले. "बघितलंस होय."

"मागेच बघितलं. बसमधून."

"आणि इतके दिवस गप्प बसलीस? तू?" त्याला खरोखरच नवल वाटलं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"कायमच."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून."

"हो."

"म्हणजे मला फसवलंस."

तो म्हणाला, "मी मानत नाही असं मी कधी म्हटलं नाही गं. तू म्हणायचीस, आपण मानत नाही, आणि मी गप्प बसायचो." त्याने मान हलवली. "पण ते फसवणंच झालं. तुझं बरोबर आहे. सांगायचं ठरवलं होतं मी, अगदी सुरुवातीला. मग तू तुझ्या वडिलांचं सांगितलंस. त्यांना कसं गप्प केलंस ते. हसत हसत सांगितलंस. मला भीती वाटली."

"माझी?"

"हरायची. एकदा हरलो असतो तर हे करता आलं नसतं मला. आणि मला तूही हवी होतीस."

समोरच्या रस्त्यावरून बस गेली, तिचीच, दुसरी कुणी माणसं घेऊन. तिच्या डोक्यात मुद्दे तयार होते. एकापुढे एक उभे होते, स्वच्छ, वर्षानुवर्षं घासलेले. ती म्हणाली, "काय मागतोस?"

"मागत नाही. सांगतो."

"काय सांगतोस?"

"काय झालं ते. दिवसभरात. गुडघा दुखतोय. दुकानदाराने कुत्रा आणलाय. तुझा खोकला अजून जात नाही. असंच."

"एवढंच?"

"एवढंच असतं की रोज."

"मग ते मला नाही सांगता येत?" तिचा आवाज एकदम चढला, आणि तो ऐकून तिलाच शरम वाटली. "मी घरातच असते ना? कुत्र्याचं मला सांगता येत नाही?"

तो उत्तर शोधत नव्हता; ते द्यावं की नाही, याचा विचार करत होता. मग त्याने तिच्या फायलींच्या विस्कटलेल्या कडा हाताने नीट केल्या आणि म्हणाला, "तुला सांगितलं की तू दुरुस्त करतेस, मास्तर."

त्यात डंख नव्हता. नळ कुठे गळतोय हे नकाशावर बोट ठेवून दाखवावं तसा तो बोलला. "मी दुरुस्त नाही करत, मी फक्त..." हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि ओठांपर्यंत आल्यावर तिला दिसलं की ते काय आहे. ती तोंड मिटून बसली. थोड्या वेळाने दोघं उठून घरी गेले. वाटेत त्याने तिच्या फायली घेतल्या, आणि तिने घेऊ दिल्या.

त्यानंतरचे दिवस तिने गप्प राहायचा सराव केला. तो काहीतरी सांगायचा, त्यात एखादं वर्ष चुकलेलं असायचं, एखादं नाव भलतंच असायचं, आणि ती गप्प राहायची. पण तिचं गप्प राहणंही दिसायचं. चूक झाली की जेवणाच्या टेबलावर एक जागा रिकामी पडायची, नेमकी तिच्या दुरुस्तीच्या आकाराची, आणि ती त्याला ऐकू येण्याइतकी मोठी असायची. मग तोच म्हणायचा, "चुकलं का काही?" ती म्हणायची, "नाही, नाही, सांग तू." आणि त्याला पुढे सांगता यायचं नाही. दोघं पाहुण्यांसारखे वागू लागले. मीठ हवंय का. खिडकी बंद करू का. लग्नाच्या पहिल्या दिवसांतही ते एकमेकांशी इतके अदबीने वागले नव्हते.

बसमध्ये ती आता मुद्दाम डावीकडे बसायची. उद्यानातला बाक रिकामा असायचा. आधी तिला वाटलं, वेळ बदलली असेल. मग वाटलं, जागा बदलली असेल. पण ती घरी यायची तेव्हा तो घरात असायचा, दिवा न लावता, टीव्हीसमोर, टीव्हीही न लावता. त्याचं बोलणं कमी झालं. भाजी आणायचं विसरायला लागला. शेवटी तिने विचारलंच.

"तू जात नाहीस हल्ली तिथे."

"नाही."

"माझ्यामुळे? मी काही म्हणणार नाही. खरंच."

"माहीत आहे." तो कसनुसा हसला. "पण आता जमत नाही. डोळे मिटले की वाटतं, तू ऐकतेयस. मग मी वाक्यं नीट करायला लागतो. तारखा आठवून आठवून बरोबर सांगतो. आणि मग पुढे जातच नाही. होईल हळूहळू. नाही झालं तर नाही."

ती आत येऊन पलंगावर बसली. तिच्या हिशेबाने तर काहीच बिघडलं नव्हतं. जन्मभर तिने हेच सांगितलं होतं की पलीकडे कोणी नाही. मग पलीकडे कोणी नसणं आणि पलीकडे ती असणं यात फरक पडायचं कारणच काय? हे तर्काला धरून होतं. यात एकही चूक नव्हती. आणि तरी बाहेरच्या खोलीत, अंधारात, तो बसला होता, ज्याचं बोलणं ऐकणारं गेलं होतं. जिथे कोणी नव्हतंच, तिथून कोणीतरी गेलं होतं, आणि ते तिच्यामुळे. वडिलांनी तेव्हा दार का लावून घेतलं, ते तिला आता पहिल्यांदा समजलं. ती समजत होती की ते हरून आत गेले. ते तिला बाहेर ठेवत होते, आत जे होतं ते वाचवायला. नवऱ्याला ते दार लावता आलं नव्हतं, कारण त्या दोघांच्या घरात असं दार ठेवायलाच तिने नकार दिला होता.

एकदा कॉलेजात सगळे गेल्यावर तिने स्वतः करून पाहिलं. कुणी बघत नाही ना ते बघितलं, खुर्चीत बसली, डोळे मिटले, तळवे उताणे ठेवले. 'आज,' तिने मनात म्हटलं, आणि थांबली. बाहेर कुणीतरी पायऱ्या झाडत होतं. 'आज मागच्या बाकावरची बाई आली नव्हती.' हे कुणाला सांगायचं? वाक्य तिच्याच डोक्यात निघालं, तिच्याच डोक्यात पोचलं, आणि तिथे कुणीतरी लगेच म्हणालं, आली होती, उशिरा आली होती. तिने डोळे उघडले. तिला येणार नव्हतं ते. दुसऱ्यांना शिकवण्यात तिची हयात गेली, पण ही एक गोष्ट तिच्यापर्यंत कधी आलीच नव्हती, आणि तिला त्याचं खोटं दुःखही करता येईना. तिचा विश्वास नव्हता. अजूनही नव्हता. फक्त आता त्या नसण्याचा ताठा उरला नव्हता.

त्या संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "काही दिवस मला घरी यायला उशीर होईल. कॉलेजात काम आहे."

"कसलं?"

"आहे असंच. जादाचे तास."

त्याने तिच्याकडे पाहिलं. कॉलेजात काही काम नव्हतं. तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं होतं, आणि ते तिला इतकं वाईट जमलं की त्याला कळल्याशिवाय राहिलं नसेल. पण तोही बरोबर, चूक काही म्हणाला नाही. "बरं," म्हणाला, "स्वेटर ने. गार असतं."

थंडी पडली होती. बागेत बसायचे दिवस राहिले नव्हते. ती घर रिकामं करून द्यायची. काम संपल्यावर बसने जायच्याऐवजी चालत निघायची, लांबच्या रस्त्याने, दुकानांच्या काचांतून बघत. चपलांच्या दुकानात विक्रेता एका लहान मुलीच्या पायात बूट घालत होता आणि मुलगी गंभीरपणे छताकडे बघत होती. औषधाच्या दुकानात एक म्हातारा काउंटरवरच्या पोरीला औषध सोडून दुसरंच काहीतरी सांगत होता, आणि ती मान डोलावत होती. सगळीकडे कुणी ना कुणी कुणाला काहीतरी सांगत होतं, बरंचसं चुकीचं, ओबडधोबड, अर्धवट. ती ऐकत पुढे जायची. तिला बोलावणारं कोणी नव्हतं, आणि ती कुठे पोचायची वाट कोणी बघत नव्हतं. पाय दुखायला लागले की वाचनालयात बसायची, पुस्तक उघडायची आणि मिटायची. घरी आल्यावर तो दार उघडायचा. त्याच्या तोंडाकडे बघून काही झालंय का ते तिला कळायचं नाही, आणि विचारायचं तर नव्हतंच.

एके दिवशी वाचनालय लवकर बंद झालं. बाहेर वारा होता, अंगात कणकण होती, म्हणून ती सरळ घरी आली. जिना चढून दारापाशी पोचली, पर्समधून किल्ली काढली, आणि तिला आतून आवाज आला. त्याचा होता. खालच्या पट्टीतला, सावकाश, मधेच थांबणारा. थांबला की वाटायचं, आता तो ऐकतोय. मग पुन्हा सुरू व्हायचा, आणि एकदा तर तो चक्क हसला. तो असा कधी हसलेला तिला आठवेना. मग आठवला. मुलगी लहान असताना तिच्याशी खेळताना हसायचा. किल्ली हातात धरून ती उभी राहिली. शब्द कळत नव्हते. कान दाराला आणखी थोडा लावला असता तर कळले असते. त्या आवाजाचे शब्द व्हायला लागले, एक तर जवळजवळ तिचंच नाव असावा, आणि ती मागे सरली. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, जिन्याचा कठडा धरून एक मजला खाली आली, आणि पायरीवर बसली. इथे काही ऐकू येत नव्हतं. पायरी गार होती.

वरच्या मजल्यावर राहणारी नर्स ड्यूटी संपवून, दोन्ही हातांत सामान घेऊन चढत आली, आणि तिला असं जिन्यात बसलेलं बघून थबकली.

"अहो, काय झालं? किल्ली विसरलात का?"

"नाही. आहे ना." तिने किल्ली दाखवली.

"मग घरी कोणी नाही का?"

"आहे."

नर्सने वर पाहिलं, मग तिच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. "कोणी आलंय वाटतं?"

ती अंग चोरून भिंतीला सरकली, सामान घेऊन जाता यावं म्हणून. खरं उत्तर तिच्यापाशी होतं, आणि ते एका शब्दाचं होतं.

"हो," ती म्हणाली. "बोलणं चाललंय त्यांचं. होऊ दे."